'डू ड्रॉप इन' म्हणजे नक्की काय, आणि जावं का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. साताऱ्याच्या एक ताई सहा महिन्यांसाठी मुलाकडे इंग्लंडमध्ये, रेडिंगला आल्या आहेत. शेजारच्या घरात एक वयस्कर बाई एकट्या राहतात. कुंपणाशी दोन-चारदा बोलणं झाल्यावर त्या म्हणाल्या, 'डू ड्रॉप इन एनी टाइम.' ताई आनंदाने म्हणाल्या, 'येस, आय विल ड्रॉप यू टुमॉरो.' त्यावर शेजारीणबाई गोंधळल्या आणि उद्या आपल्याला कुठेच जायचं नाही म्हणाल्या. काहीतरी चुकलं हे ताईंच्या लक्षात आलं, आणि दोन आठवडे त्या तिकडे फिरकल्याच नाहीत. आता त्या विचारतात: ड्रॉप म्हणजे पडणे, टाकणे, थेंब, त्यात घरी येणं कुठून आलं? माझ्या वाक्यात काय चुकलं? आणि त्या बाई खरंच बोलावत होत्या का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण खरी बोच तिथेच आहे. हो, बोलावत होत्या. जा. कसं जायचं आणि दारात काय म्हणायचं ते पुढे सांगते.

मी सत्तावीस वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते आहे: नोकरीतली माणसं, लग्न होऊन परदेशी निघालेल्या मुली, आणि अलीकडे तुमच्यासारखे मुलांकडे जाणारे आईवडील. 'ड्रॉप इन'चा अर्थ विचारला की बहुतेक जण सांगतात, 'अचानक येणे'. ते चूक नाही, पण त्या शब्दाचा जीव त्यात नाही.

ड्रॉप हा मुळात थेंबच. जुन्या इंग्रजीत थेंबाला 'ड्रोपा' म्हणत, तिथूनच तो आला. थेंब पडतो तेव्हा आवाज नाही, जोर नाही, तयारी नाही. हा हलकेपणा इंग्रजीने पुष्कळ ठिकाणी वापरला आहे. 'ड्रॉप मी अ लाइन' म्हणजे चार ओळी लिहून टाक, लांबलचक पत्र नको. 'शी ड्रॉप्ड अ हिंट' म्हणजे तिने बोलता बोलता सहज सुचवलं. 'ड्रॉप इन'मध्येही पडण्यापेक्षा हे 'सहज' महत्त्वाचं. आधी ठरवलेलं नाही, बेत नाही, यजमानाला तयारी करावी लागत नाही, आणि पाहुणा फार वेळ बसत नाही. या चारही गोष्टी त्या दोन छोट्या शब्दांत आहेत.

गंमत अशी की मराठीत हुबेहूब हेच चित्र असलेलं क्रियापद आहे: टपकणे. थेंब टपकतो, आंबा टपकतो आणि पाहुणाही टपकतो. म्हणून माझे विद्यार्थी लगेच म्हणतात, बाई, ड्रॉप इन म्हणजे टपकणे! चित्र तेच, पण सूर एकदम उलटा. 'जेवायला बसलो आणि हा टपकला' यात कपाळावरची आठी ऐकू येते. स्वतःबद्दल कुणी 'मी उद्या तुमच्याकडे टपकते' म्हणेल, तर ते फक्त जवळच्या मैत्रिणीला. इंग्रजी 'ड्रॉप इन'मध्ये ती आठी नाही. शब्द जुळतात तिथे सूरही जुळेलच असं धरून चालू नये, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण हेच.

मग मराठीत याला काय म्हणायचं? आपल्याकडे श्रीमंती आहे. 'सहज डोकावले', 'उभ्या उभ्या येऊन गेले', 'जाता जाता आले', 'एक चक्कर टाकली'. मला सगळ्यात नेमकं वाटतं ते 'येऊन जा'. 'या' आणि 'येऊन जा' यांतला फरक बघा. 'रविवारी जेवायला या' हे बोलावणं आहे. त्यासाठी घर आवरलं जातं, भाजी आणली जाते. 'कधी इकडे आलात तर येऊन जा' यात येण्याबरोबर जाणंही सांगितलेलं आहे, आणि त्यात तुसडेपणा नाही. उलट येणाऱ्यावरचं ओझं उतरवलेलं आहे. तुमच्या शेजारीणबाई नेमकं हेच म्हणाल्या.

हळदीकुंकवाचं आमंत्रण आठवा. संध्याकाळी पाच ते आठ, कधीही या. कुणी सव्वापाचला येतं, कुणी साडेसातला. वाण घेतलं, दोन शब्द बोललं, निघालं. दहा मिनिटं बसलं म्हणून कुणी रागवत नाही, दोन तास बसलं तर मात्र घरातल्या बाईची पंचाईत होते. घरी गणपती असतो तेव्हा माणसं दर्शनाला येऊन जातात, तेही तसंच. इंग्रज माणूस 'ड्रॉप इन एनी टाइम बिट्वीन फाइव्ह अँड एट' म्हणतो तेव्हा त्याच्या मनातलं येणं या जातीचं असतं. तुमच्यासाठी ते अजिबात परकं नाही.

त्या 'डू'कडेही लक्ष द्या. तो प्रश्नातला 'डू' नाही. 'ड्रॉप इन' एवढंच म्हटलं असतं तरी वाक्य पुरं झालं असतं. पुढे 'डू' लावला की आग्रह येतो. आपण 'या हं नक्की' म्हणताना जे 'हं' लावतो, तेच काम तो करतो. म्हणून मी वर म्हटलं की त्या बोलावत होत्या. आणि ऐकताना हे दोन शब्द सुटे ऐकू येणार नाहीत. 'प' पुढच्या 'इ'ला चिकटतो आणि कानावर 'ड्रॉपिन' असा एकच शब्द पडतो, जोर शेवटच्या 'इन'वर.

आता तुमचं वाक्य. 'आय विल ड्रॉप यू' हे तुम्ही सहज बोललात, कारण आपल्या रोजच्या मराठीत ते आहेच: 'चल, मी तुला स्टेशनवर ड्रॉप करते.' इंग्रजीतही त्याचा अर्थ तोच, गाडीने नेऊन सोडणं. त्या बाईंना वाटलं की तुम्ही त्यांना गाडीतून कुठेतरी सोडणार आहात, म्हणून त्यांनी तसं उत्तर दिलं. त्यांना वाईट वाटण्यासारखं यात काहीही नाही, तेव्हा ती बोच मनातून काढून टाका. (एखाद्याला 'ड्रॉप' करणं म्हणजे संघातून वगळणं किंवा संबंध तोडणंही होतं. त्यांच्या मनात तो अर्थ आला नाही, हे त्यांच्या उत्तरावरून उघड आहे.)

घोळ झाला तो 'इन' गळाल्यामुळे. ड्रॉप एकटं असलं की ते कुणाला तरी किंवा कशाला तरी सोडतं. 'ड्रॉप इन' झालं की मात्र ते कुणालाच काही करत नाही, ते येणं-जाणं असतं. त्याला कर्म लागत नाही. 'आय विल ड्रॉप इन टुमॉरो' एवढं पुरेसं आहे, कुणाकडे ते समोरचीला कळतंच.

पण कुणाकडे ते सांगायची वेळ येते तेव्हा मराठी माणूस हमखास अडखळतो, आणि याचं कारण मी बरीच वर्षं शोधत होते. ते कारण म्हणजे आपला 'कडे'. 'मामाकडे गेले' म्हणताना आपण मामाला भेटलो की मामाच्या घरी गेलो, हे मराठी विचारत नाही. 'कडे'त माणूसही आला आणि त्याचं घरही आलं. इंग्रजी या दोघांना वेगळं करते. माणसाला भेटायचं असेल तर 'ऑन' लागतो: 'आय ड्रॉप्ड इन ऑन माय अंकल.' जागा सांगायची असेल तर 'अ‍ॅट': 'आय ड्रॉप्ड इन अ‍ॅट द लायब्ररी.' आणि मामाचं घर म्हणायचं असेल तर 'ड्रॉप्ड इन अ‍ॅट माय अंकल्स'. अंकलच्या शेवटी जो 'स' आला तो अनेकवचनाचा नाही, मालकीचा आहे. त्याच्यापुढचं 'घर' न बोलता समजून घ्यायचं. हा 'स' म्हणजे इंग्रजीला सापडलेला 'कडे' आहे. 'अ‍ॅट द डेंटिस्ट्स' म्हणजे दातांच्या डॉक्टरांकडे, 'अ‍ॅट माय सिस्टर्स' म्हणजे बहिणीकडे. एवढं लक्षात आलं की 'आय ड्रॉप्ड इन टू माय अंकल' हे वाक्य तोंडून येणं आपोआप थांबतं. मी वर्गात नियम पाठ करून घेणं सोडून दिलं आणि फक्त 'कडे' कुठे गेला ते शोधायला सांगू लागले, तेव्हापासून माणसं खूप कमी चुकतात.

'ड्रॉप इन ऑन' बद्दल एक सावधगिरी. हा 'ऑन' आला की अचानकपणा थोडा वाढतो. ज्याच्याकडे गेलो त्याला कल्पना नव्हती, असं त्यात ऐकू येतं. समुद्रात लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्यांच्या भाषेत तर 'ड्रॉप इन ऑन' हा दोष आहे: दुसऱ्याने आधी पकडलेल्या लाटेत मध्येच घुसणं. म्हणून शेजारीणबाईंशी बोलताना नुसतं 'ड्रॉप इन' वापरा, 'ऑन यू' टाळा.

तुमचा मुलगा म्हणतो की 'कम ओव्हर'ही तेच. अगदी तेच नाही. 'कम ओव्हर' म्हणजे माझ्या घरी ये, आणि ते पुष्कळदा ठरवून असतं: 'कम ओव्हर फॉर डिनर ऑन संडे.' तिथे आयत्या वेळी गेलं नाही तर यजमान ताटं मांडून बसलेले असतील. ब्रिटनमध्ये त्याच अर्थाने 'कम राउंड' जास्त कानावर पडेल. 'ड्रॉप बाय' हे 'ड्रॉप इन'चं सख्खं भावंड. त्यात वाटेवरून जाता जाता थांबल्याचा भाव अधिक, आणि त्याच्यापुढे जागेचं नाव थेट येतं, 'अ‍ॅट' लागत नाही: 'आय विल ड्रॉप बाय युअर ऑफिस.' अमेरिकेत राहणारी मराठी मंडळी 'स्टॉप बाय' आणि 'स्विंग बाय' बोलतात, ते याच घरातलं. तुमच्या गल्लीत मात्र सारखं 'पॉप' ऐकाल. 'पॉप इन', 'पॉप राउंड', 'आय अ‍ॅम जस्ट पॉपिंग टू द शॉप्स'. ते ड्रॉपपेक्षाही हलकं आहे; दोन मिनिटांत आलेच, असा त्याचा थाट.

'कॉल ऑन' हा या सगळ्यांचा आजोबा. टेलिफोन येण्याच्या आधी 'कॉल' म्हणजे कुणाच्या दारी जाऊन भेटणंच होतं, आणि भेटीला जाताना आपल्या नावाचं कार्ड नेत, म्हणून आजही ते 'व्हिजिटिंग कार्ड'. आता हा शब्दप्रयोग औपचारिक झाला आहे. राजदूत पंतप्रधानांना भेटतात त्या बातमीत 'कॉल्ड ऑन' दिसेल, शेजाऱ्यांत फारसं नाही. जुना अर्थ कुठे जिवंत आहे सांगू? लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून रेडिंगकडे येताना घोषणा ऐका. 'कॉलिंग अ‍ॅट स्लाउ, मेडनहेड, ट्वायफर्ड...' गाडी त्या स्टेशनांना फोन करत नाही, तिथे थांबून पुढे जाते.

आणि 'लुक इन ऑन' हे तुमच्या खास उपयोगाचं, कारण त्या बाई एकट्या राहतात. आजारी किंवा वयस्कर माणूस ठीक आहे ना, हे बघायला जाणं म्हणजे 'लुक इन ऑन'. आपलं 'डोकावून येणं'. उद्या त्यांची मुलगी तुम्हाला म्हणाली, 'कुड यू लुक इन ऑन मम?' तर ती चहापाण्याचं आमंत्रण देत नाही, विश्वासाने एक जबाबदारी सोपवते आहे.

'व्हिजिट'चं थोडक्यात: त्याच्यापुढे 'टू' लागत नाही. आपण 'देवळाला भेट दिली' म्हणतो, म्हणून 'व्हिजिटेड टू द टेंपल' होतं. तो 'ला' मराठीतच राहू द्या.

रेडिंगमध्ये वाचनालयाच्या किंवा समाजकेंद्राच्या फलकावर तुम्हाला 'ड्रॉप-इन' असं मध्ये आडवी रेघ घालून लिहिलेलं दिसेल आणि पुढे वेळ असेल, समजा मंगळवारी दहा ते बारा. त्याचा अर्थ नाव नोंदवायला नको, त्या दोन तासांत केव्हाही या. आपल्याकडच्या 'वॉक-इन' मुलाखतीसारखंच. तिथे इंग्रजी बोलण्याच्या सरावाचा असा वर्ग दिसला तर नक्की जा. बोलताना इथे जोर 'ड्रॉप'वर येतो, क्रियापदात तो 'इन'वर होता. काकांना क्रिकेटचं वेड आहे असं तुम्ही लिहिलंय, त्यांनी 'ड्रॉप-इन पिच' ऐकलेलं असणार. मैदानाबाहेर वाढवून आणून बसवलेली ती खेळपट्टी. 1977 मध्ये ऑस्ट्रेलियातले उद्योगपती केरी पॅकर यांनी स्वतंत्रपणे भरवलेल्या वर्ल्ड सिरीज क्रिकेटला नेहमीची मैदानं मिळेनात, तेव्हा अशा खेळपट्ट्या पुढे आल्या. 2024 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात भारताने पाकिस्तानला न्यूयॉर्कजवळ सहा धावांनी हरवलं, तेही फ्लोरिडात वाढवून ट्रकने आणलेल्या अशाच खेळपट्टीवर. तिथला 'ड्रॉप' मात्र शब्दशः आहे: वरून खाली सोडणं.

आता जायचं कसं. 'एनी टाइम' म्हटलं तरी सकाळी आठला किंवा संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी जाऊ नका. सकाळी साडेदहा-अकरा किंवा दुपारी तीननंतर बरं. पहिल्यांदाच जाताय आणि मनात धाकधूक आहे, तर आदल्या दिवशी कुंपणाशी विचारून ठेवा: 'वुड इट बी ऑल राइट इफ आय ड्रॉप्ड इन टुमॉरो, अबाउट इलेव्हन?' इथे 'ड्रॉप्ड' भूतकाळी का, हा प्रश्न वर्गात दर वेळी येतो. गोष्ट उद्याची आणि क्रियापद कालचं! आपणही हेच करतो. शेजारणीच्या दारात उभं राहून आपण म्हणतो, 'जरा काम होतं तुमच्याकडे.' काम आत्ता आहे, पण 'होतं' म्हटलं की मागणं मऊ होतं, समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. दोन्ही भाषांनी भूतकाळाला अदबीच्या कामाला लावलं आहे.

न विचारता गेलात तर दारात म्हणा, 'हॅलो, आय थॉट आय वुड ड्रॉप इन. इज इट अ बॅड टाइम?' हा शेवटचा प्रश्न विसरू नका. नाही म्हणण्याची सोय त्यांना आधीच देऊन ठेवली की त्या मोकळेपणाने आत बोलावतील. आपल्याकडे पाहुण्याचे कष्ट मोठे करून सांगायची रीत आहे, 'एवढी वाट वाकडी करून आलात!' तिथे पाहुणा स्वतःच आपले कष्ट लहान करून सांगतो, 'आय वॉज जस्ट पासिंग.' दोन पावलांवरच्या घरातून आलेल्या तुम्हाला ते वाक्य लागायचं नाही, पण दुसऱ्या कुणी म्हटलं तर खरंच वाटेत होते का याचा हिशोब करू नका.

त्या 'आय विल पुट द केटल ऑन' म्हणाल्या की बसायचं. अर्धा तास छान होतो. त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवून 'राइट' म्हटलं किंवा 'आय मस्टन्ट कीप यू' म्हटलं, तर भेट संपली. हे शब्द तुमच्या सोयीचे वाटले तरी निघायची वेळ झाल्याचं सांगतात. त्यात राग नसतो. त्याआधी तुम्हीच 'आय विल लेट यू गेट ऑन' म्हणून उठलात तर उत्तम. आपण निघताना 'येते हं' म्हणतो, 'जाते' कधी म्हणत नाही. ते तसंच इंग्रजीत नेऊ नका, 'आय अ‍ॅम कमिंग' ऐकून त्या पुन्हा गोंधळतील.

बरोबर बेसनाचे लाडू न्यायचे का, असं विचारलंत. जरूर न्या, चारच न्या, आणि त्यात काय काय आहे ते सांगा; काजू-बदाम घातले असतील तर आधी सांगा. डबा बहुधा धुऊन, रिकामा परत येईल. रिकामा डबा परत देऊ नये ही आपली रीत, त्यांची नाही, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. आणि तो परत करताना त्या कदाचित म्हणतील, 'आय विल ड्रॉप इट ऑफ टुमॉरो.' नीट ऐका, 'ऑफ' आहे, 'इन' नाही. त्या दारात डबा देऊन जाणार आहेत, बसायला येणार नाहीत. चहाचं आधण ठेवून वाट बघत बसू नका. दार उघडल्यावर मात्र तुम्ही म्हणू शकता, 'डू कम इन.'